मुऱ्हाळ्याची वाट

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६ ते ११३८) याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात अशी नोंद आढळते आणि ओवीविषयीच्या सर्वांत जुन्या लेखी उल्लेखांत तिची गणना होते. ही कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नसलेले गाव. त्यामुळे राजदरबारी ग्रंथकाराच्या कानी जो सूर पडला तो लातूर-नांदेडच्या पट्ट्यातल्याच कुणा बायकांचा असावा, असे मानायला बरीच जागा आहे. आठशे-नऊशे वर्षांच्या या काळात राजवटी बदलल्या, चालुक्यांमागून यादव आले, मग बहमनी, निजामशाही व मोगल अंमल आणि शेवटी आसफजाही घराण्याचे हैदराबाद संस्थान आले. परंतु पहाटेच्या अंधारात दगडाशी बसून दूरच्या माणसाला गाण्यातून हाक मारण्याची बायकांची रीत मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अखंड चालत राहिली.

जिवलगांपासून ताटातूट झाल्यावर धीर देणारी गाणी म्हटले की सुशिक्षित वाचकाच्या मनात प्रथम भावगीते येतात, चित्रपटगीते येतात, फार तर पेशवाईतल्या शाहिरांची विरहाची लावणी येते. ही सारी गाणी बहुतांशी पुरुषांनी रचलेली आहेत आणि त्यांतला विरह बहुतेक वेळा प्रियकर-प्रेयसीचा किंवा पती-पत्नीचा आहे. मराठवाड्यातल्या ज्या स्त्रियांनी शतकानुशतके सर्वांत मोठी ताटातूट सोसली, म्हणजे वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी जन्मघर सोडून परक्या अंगणात पाय ठेवला, त्यांचे विरहगीत वेगळे आहे. त्या गाण्यातला दिलासा हा दुःखाचा विसर पाडून मिळवलेला दिलासा नव्हता. दूर असलेल्या माणसाला नावानिशी बोलावून, त्याला रोजच्या कष्टात जागा देऊन आणि घरात कुणापुढे बोलता न येणारे त्याच्यापुढे बोलून तो मिळवला जात होता, हे या ओव्या एकत्र वाचताना पुनःपुन्हा प्रत्ययास येते.

ओवी रोज का गायली गेली, याचे उत्तर ज्वारीच्या पिठात आहे. या भागाचे मुख्य अन्न ज्वारीची भाकरी आणि ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवले की त्याची विरी जाते, म्हणजे त्याचा चिकटपणा संपतो, भाकरी थापताना कडा फाटतात आणि ती तव्यावर नीट फुगत नाही. म्हणून गव्हाचे पीठ दळून डब्यात भरून ठेवण्याची जी सोय इतर मुलुखांत होती ती येथे फारशी उपयोगाची नव्हती. दळण रोजचे, तेही पहाटे कोंबडा आरवण्याआधीचे, कारण दिवस उजाडला की पाणी, शेण, स्वयंपाक आणि शेत हे सारे एकाच वेळी समोर उभे राहत असे. जात्याचा खालचा दगड स्थिर आणि वरचा फिरता. वरच्या दगडाच्या मधल्या तोंडातून मुठीने धान्य सोडत राहायचे, याला वैरण घालणे म्हणतात आणि कडेच्या लाकडी खुंट्याला धरून दगड ओढायचा. दोघीजणी समोरासमोर बसल्या तर खुंट्यावर दोघींचे हात एकावर एक येतात, अर्धा फेरा एकीने ओढायचा आणि अर्धा दुसरीने. एकटी असेल तर पूर्ण फेऱ्याचा भार एकाच खांद्यावर येतो. मोठ्या एकत्र कुटुंबाचे दळण असेल तर हे काम दोन-दोन तास चाले आणि दगड गुळगुळीत होऊन पीठ जाडसर पडू लागले की पाथरवटाकडून जात्याला टाकी लावून घ्यावी लागे.

या श्रमाचा आणि ओवीच्या बांध्याचा संबंध फार जवळचा आहे. ज्ञानेश्वरीतली ग्रांथिक ओवी साडेतीन चरणांची मानली जाते, तर जात्यावरची ओवी सहसा दोन ओळींची, सैल बांधणीची असते. अक्षरे कमी पडली तर ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते’ अशा भरीच्या शब्दांनी फेरा पुरा करता येतो आणि जास्त झाली तर ती एका ओढीत गिळता येतात. चाल थोड्याशा स्वरांच्या आत फिरते आणि ओळीचा शेवट लांबवला जातो, त्यामुळे ओढ घेताना सुटणारा श्वासच सूर होऊन बाहेर पडतो. रचनेची एक सवय लक्षात घेण्याजोगी आहे : पहिल्या ओळीत बहुधा एखादे दृश्य येते, वाटेवरची धूळ, दारापुढचे झाड, आभाळ भरून आल्याची खूण आणि दुसऱ्या ओळीत त्या दृश्यातून माणूस चालत येतो, भाऊ, आई, बाप, लेक किंवा मावळण, म्हणजे आत्या. गाणारीला पहिली ओळ म्हणताना दुसरी शोधायला वेळ मिळतो आणि ऐकणारीला आता कोण येणार याची उत्सुकता लागते. रोज पहाटे, शेकडो फेऱ्यांत, कुणीतरी येत राहते. प्रत्यक्षात वर्षातून एकदा येणारा माणूस गाण्यात दर फेऱ्याला दारात उभा राहतो, ही या दोन ओळींच्या बांधणीची खरी करामत आहे.

गाण्यात रोज येणाऱ्या या माणसाची खरी वाट कशी होती, ते अर्धापूरच्या उदाहरणावरून कळते. अर्धापूर हे नांदेडच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवरचे, हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. आज ते तालुक्याचे ठिकाण आहे आणि ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या इसापूर धरणाचे पाणी आल्यापासून केळीसाठी दूरवर प्रसिद्ध झाले आहे. अर्धापूरहून नांदेडला जाताना वाटेत आसना नदी लागते. आज पुलावरून ती ओलांडायला मिनिटभरही लागत नाही, पण बैलगाडीच्या काळात श्रावणात आसनेला पूर आला की अलीकडची लेक अलीकडे आणि पलीकडचे माहेर पलीकडे राहत असे. हे अंतर नकाशात फारच थोडे आहे आणि म्हणूनच ते समजून घेणे महत्त्वाचे आहे. मराठवाड्यातल्या विवाहित स्त्रीचा विरह मैलांवर मोजता येत नाही, कारण ती स्वतःहून निघू शकत नव्हती. तिला न्यायला माहेरहून निरोप आणि माणूस यावा लागे. या बोलावण्याला मूळ म्हणतात आणि न्यायला येणाऱ्याला मुऱ्हाळी. मूळ आले तरी सासरच्यांनी धाडायला हवे. पेरणी, खुरपणी, सासूचे दुखणे, जावेचे बाळंतपण यांतले कोणतेही कारण मुऱ्हाळ्याला रिकाम्या गाडीने परत पाठवायला पुरेसे असे. आणि माहेरपण संपल्यावर पुन्हा सासरी पोचवताना साडी-चोळी देऊन जी पाठवणी होते ती बोळवण. मूळ, मुऱ्हाळी आणि बोळवण या तीन मुक्कामांच्या मध्ये स्त्रीचे सारे वर्ष टांगलेले असे आणि ओव्यांचा फार मोठा भाग याच तीन मुक्कामांवर रेंगाळतो.

नागपंचमी हा त्या वर्षाचा कळस. मराठवाड्यात तिला नुसते पंचमी म्हणतात आणि नव्या नवरीची पहिली पंचमी माहेरीच व्हायला हवी असा संकेत आहे. झाडांना झोके बांधले जातात, बायका फेर धरतात, झिम्मा-फुगडी रंगते आणि वर्षभर तोंड मिटून राहिलेल्या लेकी फेरात सासरची गाऱ्हाणी उघडपणे गातात. पंचमीच्या गाण्यांचा स्वभाव जात्यावरच्या ओवीपेक्षा वेगळा आहे. ती जमावाची गाणी आहेत, त्यांत थट्टा आहे, सवाल-जबाब आहेत. परंतु मूळ न आलेली बाई त्याच दिवशी सासरच्या जात्यावर जी ओवी गाते ती त्या जमावातून वगळल्या गेलेल्या माणसाची ओवी असते आणि तिच्यातला आकांत समजायला पंचमीचा फेर डोळ्यांपुढे असावा लागतो. सगळ्या मैत्रिणी कुठल्या वेळी कुठल्या झाडाखाली आहेत हे तिला पाठ आहे. ती तेवढी तिथे नाही.

या ओव्यांत ज्याची वाट पाहिली जाते तो बहुतेक वेळा भाऊ असतो, ही गोष्ट बाहेरच्या वाचकाला चमकवून जाते. उत्तर भारतातल्या भोजपुरी मुलुखातही दळणाची गाणी आहेत, त्यांना जँतसार म्हणतात. पण तेथून पुरुष मोठ्या संख्येने कलकत्त्याला आणि समुद्रापारच्या मळ्यांवर मजुरीला जात राहिले, त्यामुळे त्या गाण्यांत परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहिली जाते आणि भिखारी ठाकूर (१८८७-१९७१) यांचे ‘बिदेसिया’ हे नाटकही त्याच दुःखावर उभे आहे. मराठवाड्यात नवरा घरातच असतो. तो त्याच वाड्यात, त्याच शेतात आहे आणि तरीही त्याच्याशी चारचौघांत बोलण्याची सोय नाही. दूर गेलेली ती स्वतः आहे आणि मागे राहिलेल्यांपैकी तिच्यापर्यंत पोचू शकणारा एकच माणूस म्हणजे भाऊ. लेकीच्या घरचे अन्नपाणी आईबापांनी घ्यायचे नाही असा संकेत अनेक कुटुंबांत कडकपणे पाळला जाई, त्यामुळे आई येत नसे. बाप म्हातारा होई. बहिणी आपापल्या सासरी अडकलेल्या. गाडी जुंपून येईल तर भाऊच येईल.

म्हणून ओवीतला भाऊ हा खऱ्या भावापेक्षा मोठा होतो. तो घोड्यावर येतो, त्याच्या फेट्याचा रंग लांबून ओळखू येतो, त्याच्या गाडीचे बैल गावातल्या कुणाच्याही बैलांपेक्षा देखणे असतात. प्रत्यक्षातला भाऊ कोरडवाहू शेतकरी असेल, कर्जात असेल, त्याच्या पायात धड वहाणही नसेल, पण बहीण त्याला सजवते आणि ही सजावट भाबडी नाही. सासरच्या घरात तिची पत माहेरच्या थाटावर अवलंबून होती. ओवी शेजघरापर्यंत ऐकू जात होती आणि भावाच्या वैभवाचे वर्णन सासूच्या कानांवर पडावे हा हेतूही तिच्यात होता. एकाच गाण्यात स्वतःचे समाधान आणि शेजारच्या खोलीला दिलेला इशारा असे दोन्ही साधलेले दिसते.

आणखी एक कारण जमिनीचे आहे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या मिळकतीत मुलीला काही हक्क दिला, महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत अविवाहित मुलीला सहहिस्सेदार मानले आणि २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने हा हक्क विवाहित-अविवाहित सर्व मुलींना मिळाला. तरीही गावोगाव बहिणी आजही हक्कसोडपत्रावर सही करतात. ही सही दडपणाने होते, तशी पुष्कळदा राजीखुशीनेही होते. कारण हिस्सा मागितला तर भावाचे दार बंद होईल आणि भावाचे दार बंद झाले की माहेरच संपले, हे प्रत्येकीला ठाऊक असते. ओव्यांमधून भावावर उधळलेल्या प्रेमाकडे पाहताना हा व्यवहार नजरेआड करू नये. त्याने ते प्रेम खोटे ठरत नाही, उलट ते किती मोठी किंमत मोजून जपलेले आहे हे कळते. आई गेल्यानंतरच्या ओव्यांत ही किंमत अधिक स्पष्ट दिसते : दाराशी तोच भाऊ आहे, पण घराचा कारभार भावजयीच्या हाती गेला आहे, पाण्याचा तांब्या उशिरा येतो, बसायला घोंगडी अंथरली जात नाही आणि बहीण भावाला दोष न देता सारा राग भावजयीवर काढते. ज्या भावजयीवर ती रागावते ती स्वतःही कुणाची तरी वाट पाहणारी बहीणच आहे, हे मात्र ओव्यांत क्वचितच सुचवले जाते. या परंपरेची ही मर्यादा मान्य करायला हवी.

मग हे गाणे धीर कसा देते? पहिली गोष्ट म्हणजे ओवी कुणालातरी उद्देशून असते. जात्यालाच देव मानून हाक मारली जाते, उगवणाऱ्या सूर्याला, वाऱ्याला, आढ्यावरच्या चिमणीला, कौलावर ओरडणाऱ्या कावळ्याला निरोप दिला जातो आणि दूरची आई तर समोर बसल्यासारखी संबोधली जाते. तिला काय झाले ते सांगितले जाते, सल्ला विचारला जातो, कधी रागही काढला जातो की एवढ्या लांब का दिलीस. दुसरी गोष्ट अशी की या बोलण्याला उत्तराची अपेक्षा नसते आणि म्हणून धोकाही नसतो. दिवसा तोंडातून निघाले असते तर भांडण झाले असते असे वाक्य पहाटे ओवीत निघते तेव्हा ते गाणे ठरते, परंपरेचे ठरते, कुणीही ‘तू असे म्हणालीस’ म्हणून धरू शकत नाही. सासूनेही तरुणपणी तेच गायलेले असते. आणि समोर दुसरी बाई बसली असेल तर ती आपल्या ओवीने पहिलीची ओवी उचलून धरते. सांत्वनाचे शब्द न वापरता, आपल्याही भावाचे नाव त्याच चालीत गुंफून.

गंगाखेड हे परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे गाव संत जनाबाईंचे जन्मस्थान मानले जाते. परंपरा सांगते की त्यांना लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या वडिलांच्या घरी ठेवण्यात आले आणि जन्मभर त्यांनी तेथे दासीपण केले. त्यांच्या अभंगांत विठ्ठल दळायला, कांडायला, वेचायला, अगदी केस विंचरायलाही येतो. आईवडिलांपासून तुटलेल्या मुलीने देवाला खुंट्याला हात लावायला बसवले, हा केवळ भक्तीचा चमत्कार म्हणून वाचण्याची सवय आहे. परंतु दोघींनी मिळून दळण्याची रीत ज्याला माहीत आहे त्याला त्यातला एकटेपणा आधी जाणवतो, कारण समोरची जागा रिकामी होती. मराठवाड्यातल्या बायकांनी जनीला आपल्यातली एक मानून असंख्य ओव्या रचल्या. पैठणच्या एकनाथांनी पंढरीलाच माहेर मानले, त्यात विठ्ठल बाप झाला, रुक्मिणी आई आणि चंद्रभागा बहीण. ही कल्पना बायकांनी शब्दशः उचलली. मूळ धाडणारा भाऊ नसेल, आई उरली नसेल, तरी दरसाल दिंडीबरोबर जाता येईल असे एक माहेर त्यांना मिळाले.

डॉ. ना. गो. नांदापूरकर यांनी मराठवाड्यातील स्त्रियांच्या तोंडून गोळा केलेल्या ओव्यांतून ‘मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा’ सिद्ध केली, तेव्हा विद्वानांपुढे एक वेगळेच रामायण आले. या बायकांना युद्धात फारसा रस नाही. त्यांचे मन गुंतते ते सीतेच्या वनवासात, गरोदर सीतेला रानात सोडून देण्यात, रानातल्या बाळंतपणात. सीतेचा सासुरवास, कैकेयीचे वागणे, रामाचे न बोलणे यांत. डॉ. तारा भवाळकर यांनी ‘सीतायन’मध्ये लोकपरंपरेतील सीतेच्या या वेदनेचा आणि विद्रोहाचा विस्ताराने शोध घेतला आहे. सीतेला परत जायला माहेर नव्हते, ती भूमीतून आली आणि भूमीत गेली. दळणारी बाई सीतेसाठी रडते तेव्हा आपल्यापेक्षाही जिचे माहेर दूर आहे अशा बाईला ती धीर देत असते आणि दुसऱ्या कुणाला धीर देता देता स्वतःला थोडे सावरते.

नांदेड जिल्ह्यातील किनवट, माहूर, मुखेड, कंधार या भागांतल्या बंजारा तांड्यांवर ताटातुटीचे गाणे आणखी वेगळ्या प्रकारे सांभाळले गेले. गोर बंजारा विवाहात नवरी स्वतः जे विलापगीत गाते त्याला ढावलो म्हणतात आणि तांडा सोडताना सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभे राहून हवेली हे निरोपाचे गीत गाण्याचीही रीत होती. ढावलो आपसूक येत नाही, तो वडीलधाऱ्या बायकांकडून शिकावा लागतो. आई, बाप, भाऊ, सख्या, गुरेढोरे, तांड्याचा नायक अशा प्रत्येकाच्या गळ्यात पडून, प्रत्येकाला त्याचे त्याचे शब्द देऊन निरोप घ्यायचा असतो. जात्यावरची ओवी ताटातूट झाल्यानंतर रोज थोडी थोडी गायली जाते, तर ढावलोमध्ये ताटातुटीची तयारी आधी करून घेतली जाते. मुलगी निघण्यापूर्वीच सर्वांदेखत आपले दुःख मोजून, नावे घेऊन मांडते आणि सारा तांडा ते ऐकून घेतो. शहरी लग्नातल्या घाईच्या पाठवणीशी तुलना केली तर या शिस्तीतले शहाणपण ठळक दिसते.

जो परत येणारच नाही त्याच्या वाटेचे काय, हा प्रश्न या परंपरेने टाळला नाही. मराठवाड्यात कुणी वारले की बायका हेल काढून रडतात, म्हणजे सूर धरून, मेलेल्याला संबोधून, त्याच्या सवयी, त्याचे शब्द, त्याने आणलेल्या वस्तू आठवत शोक करतात. चाल आणि शब्दांची ठेवण ओवीच्या इतकी जवळची असते की जात्यावर ज्या बाईचा हात बसला आहे तिचाच हेल ऐकणाऱ्यांना सर्वांत जास्त हलवतो. याच परंपरेचे मोठे सार्वजनिक रूप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्यांत दिसते. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या अशा ओव्या आज उपलब्ध आहेत. त्यांत बाबासाहेब आणि रमाबाई हे घरच्या माणसांसारखे येतात. ज्या भाऊपणाने आजवर मुऱ्हाळ्याची वाट पाहिली गेली तेच भाऊपण आता गावकुसाबाहेरच्या बाईने आपल्या मुक्तिदात्याला देऊ केले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेल्यानंतरचा तो शोक पुरुषांनी जलशांत आणि भीमगीतांत मांडला, वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्यासारख्या कवींनी तो गावोगाव पोचवला. बायकांनी तो जात्यापाशी नेला आणि तेथे तो रोजचा झाला.

पुरुषांच्या विरहगीतांकडे येथे ओझरतेच पाहता येईल. अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड पोटासाठी मुंबई गाठलेल्या माणसाच्या तोंडी आहे आणि गावी राहिलेली बायको व संयुक्त महाराष्ट्रातून बाहेर राहिलेला सीमाभाग असे दोन विरह तिने एकत्र गुंफले. ओवीत राघू हा मुलगा आणि मैना ही मुलगी असते. शाहिराने तीच मैना घेऊन एका मोठ्या राजकीय लढ्याचे गाणे केले. मराठवाड्यातून १९७२च्या दुष्काळात आणि नंतरही जी माणसे पुण्या-मुंबईला आणि हैदराबादला गेली त्यांच्या मागे राहिलेल्या बायकांच्या ओव्यांत मनीऑर्डर, एसटी आणि रेल्वेगाडी आली आणि घोड्यावरून येणारा भाऊ मोटारीतून उतरू लागला. परंपरेने नव्या वाहनांना हरकत घेतली नाही.

ताटातुटीची कारणे तर वाढतच गेली आहेत. अर्धापूर तालुक्यातच येळेगावला भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखाना आहे आणि मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणून मोजली जाते. पोरे आजी-आजोबांपाशी ठेवली जातात किंवा फडावर नेली जातात. हंगामाची ही वेळ भाऊबिजेच्या वेळीच येते, त्यामुळे ज्या सणाला भावाने यायचे त्या सणाला तो ट्रकमध्ये बसून परजिल्ह्यात गेलेला असतो, किंवा बहीणच उसाच्या फडात असते. वाट पाहण्याची सारी कारणे शिल्लक आहेत आणि वाट पाहताना गायची जागा मात्र गेली आहे.

ती जागा विजेच्या पिठाच्या गिरणीने घेतली आणि त्याबद्दल हळहळणे बरोबर होणार नाही. गिरणीने बायकांच्या खांद्यांवरचे ओझे उतरवले, त्यांची दोन तासांची झोप परत दिली. कोणतीही म्हातारी जाते पुन्हा सुरू करा असे म्हणणार नाही. हानी झाली ती अशी की पहाटेचा जो वेळ कामाच्या नावाखाली बाईचा स्वतःचा होता, ज्यात तिला मोठ्याने बोलण्याची मुभा होती, तो कामाबरोबर निघून गेला आणि त्याच्या बदल्यात दुसरा वेळ कुणी दिला नाही. मोबाइलवर आईचा आवाज आता रोज ऐकू येतो, ही मोठीच सोय आहे. पण फोनवरचे बोलणे घरातल्या सर्वांच्या कानांवर पडते, पलीकडची आई काळजी करील म्हणून अर्धे गिळावे लागते आणि जे सांगितले त्याचे उत्तर येते, चौकशी होते, कधी भांडणही पेटते. ओवीतल्या आईला सारे सांगता येत होते, कारण ती काळजी करू शकत नव्हती.

या गाण्यांचा संग्रह करणाऱ्यांमध्ये साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’पासून डॉ. सरोजिनी बाबर यांच्या लोकसाहित्य समितीच्या ग्रंथांपर्यंत मोठी परंपरा आहे आणि मराठवाड्याच्या लोकसाहित्याच्या अभ्यासाला डॉ. प्रभाकर मांडे यांनी आयुष्य दिले. परंतु व्याप्तीच्या दृष्टीने सर्वांत मोठे काम पुण्यातील हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवां (१९३४-२००४) यांनी उभे केले. डोंगराळ भागातील गरीब शेतकरी बायकांच्या संघटनेत काम करताना त्यांना असे दिसले की सभेत गप्प बसणाऱ्या बाया जात्यावरच्या ओव्या आठवू लागल्या की मोकळ्या होतात, आपल्या आयुष्याविषयी एकमेकींशी बोलू लागतात. तेथून सुरू झालेल्या या प्रकल्पात हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. संगणकतज्ज्ञ आणि संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी त्यांची विषयवार मांडणी आणि ध्वनिमुद्रणे यांत मोठा वाटा उचलला आणि मार्च २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या, गाणाऱ्यांच्या नावांसह आणि आवाजांसह, टप्प्याटप्प्याने लोकांपुढे आणल्या. जुन्या संग्रहांत बहुधा ‘एक खेडवळ बाई’ एवढीच ओळख असलेल्या स्त्रिया येथे कवयित्री म्हणून नावाने उभ्या आहेत, हे या कामाचे विशेष मोल.

शब्द लिहून घेतले म्हणजे ओवी जपली गेली असे मात्र नाही. एकच ओवी चार गावांत चार चालींवर गायली जाते, एखादी बाई दुसरी ओळ दोनदा घेते, एखादी नावाच्या जागी थांबते, एखादी तिथे आपल्या खऱ्या भावाचे नाव घालते. कागदावर हे काहीच उतरत नाही. प्रत्यक्ष जात्यावर बसून दळण केलेल्या बायका आज सत्तरीच्या पुढे आहेत. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. त्यांतल्या मराठी विभागांच्या विद्यार्थ्यांच्या घरांतच या आज्या राहतात आणि प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. आसनेच्या दोन्ही काठांवरच्या पंचमीच्या गाण्यांचे, किनवट-माहूरच्या तांड्यांवरच्या ढावलोचे, ऊसतोडीवरून परतलेल्या बायकांच्या नव्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण सुट्टीच्या दिवसांतही होऊ शकेल आणि प्रत्येक ध्वनिफितीबरोबर गाणारीचे नाव, तिचे माहेरचे गाव व सासरचे गाव, अशा तीन गोष्टी तिच्या संमतीने टिपून ठेवणे अगत्याचे आहे.